माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं

काका, यंदा आपल्याकडे थंडी बरी पडली आहे. बरी म्हणजे आपल्या मापाने. घाटावरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल, कारण कोकणातल्या थंडीला कुणी थंडी म्हणतच नाही, गुलाबी वगैरे म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा जानेवारीत पहाटे पावणेसहाला मोटरसायकलवर पुढे बसवून वडखळहून रोह्याला न्यायला हवं. धरमतरच्या खाडीवरून येणारा तो ओला वारा, मिठागरांवर कमरेइतकं साचलेलं धुकं, आणि नागोठणं सोडून गाडी खिंडीत शिरली की झाडांखालून अंगावर येणारा गारठा. रोहा येईपर्यंत गुडघे आपले राहत नाहीत. पण हे तर तुमचंच तुम्हाला सांगणं झालं. पुढे तुम्ही बसायचात आणि मी मागे असायचो.

आपलं कसं ठरलं होतं ते आठवतं का? तुम्ही पेणचे, मी वडखळजवळच्या मिठागरवाल्या गावचा. रोह्याच्या कंपनीत तुमची बॉयलरवर वीस वर्षं झालेली आणि मी नवा हेल्पर, तुमच्या हाताखाली शिकायला ठेवलेला. पहिली पाळी सातची. त्या वेळेला पोचवणारी एसटी नव्हती आणि माझ्याकडे गाडी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "उद्यापासून नाक्यावर उभा राहा. मी येतोच हाय पेणवरनं." पाळीला जोडीनं येणाऱ्यांचा तेव्हा एक रिवाज होता. सकाळी एकानं चालवायची, दुपारी परतताना दुसऱ्यानं, आणि आठवड्यानं अदलाबदल करायची. गाडी कुणाची याचा त्यात संबंध नाही. दुपारची गाडी कुणीही चालवेल, पण पहाटेचा वारा एकाच्याच छातीवर पडू नये, म्हणून हा रिवाज. तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता आणि मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता.

नाक्यावर गाडी थांबली की आधी तुमची तयारी व्हायची. शर्टाच्या आत छातीवर कालचा पेपर, चौघडी करून. कानटोपी, त्यावर मफलर. हातमोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाला रबर लावून. आणि जाकीट उलटं, चेन पाठीला, म्हणजे समोरून वाऱ्याला शिरायला फट नको. उलट्या जाकिटाची चेन स्वतःला लावता येत नाही, त्याला दुसरा माणूस लागतो. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहायचात आणि मी चेन खालून वर मानेपर्यंत ओढायचो. तीन हिवाळे ती मी ओढली. तुम्हाला वाऱ्यासमोर बसवायची तयारी रोज मीच माझ्या हातानं करत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणायची सोय नाही. येत होतं.

माझा पहिला आठवडा डिसेंबरात आला. सोमवार ते गुरुवार मी चालवली. बोटं लाकडासारखी व्हायची, क्लच दाबला आहे की नाही हे कळायचं नाही, डोळ्यांतून पाणी आणि नाकातून पाणी, दोन्ही एकत्र ओठावर. शुक्रवारी नाक्यावर उभा असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मला धुक्यात समोरचं दिसत नाय. दिव्याभोवती नुसतं पांढरं गोल दिसतं." तुम्ही मफलर खाली करून माझ्याकडे पाहिलंत. "कधीपासनं?" मी म्हणालो, "ल्हानपणापासनं." तुम्ही म्हणालात, "मंग आधी सांगायला काय झालं होतं? चार दिवस आपण दोघं देवाच्या भरवशावर आलो काय?" आणि रागावला नाहीतच. मला बाजूला करून पुढे बसलात. "तू येताना चालव. दुपारचं दिसतं ना?" मी व्हय म्हणालो.

माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, काका. तेव्हाही नाही आणि आताही नाही. मला थंडी वाजत होती, इतकंच. मनात होतं की हा एक आठवडा टळला तरी पुरे, माझा पुढचा आठवडा आला की सांगू, आता बरं वाटतं. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय फार लवकर लागते. तुमच्या पाठीमागे वारा नव्हता. मी दोन्ही हात खिशात घालायचो, मान खाली करून कपाळ तुमच्या पाठीला टेकवायचो, आणि निडी गावाच्या आसपास मला चक्क झोप लागायची. तुम्हाला ते कळायचं, कारण माझं वजन एका बाजूला गेलं की तुम्ही कोपरानं ढोसायचात. "जागा राहा, रे. पडशील." एवढंच.

कंपनीत पोचल्यावर तुम्ही बॉयलरच्या दाराशी हात शेकत उभे राहायचात. रक्त परत यायला लागलं की बोटांत सुया टोचतात, तेव्हा तुमचा चेहरा वाकडा व्हायचा आणि तुम्ही वर मलाच विचारायचात, "तुझे डोळे ठीक हाय ना? धुराचा तरास नाय ना?" सात वाजताची नोंद वहीत लिहायची असायची, पण तुम्हाला पेन धरता यायचं नाही, म्हणून ती मी लिहायचो. त्याच वहीवरून तुम्ही मला एकदा झापलंत. पाळी सुटायला दोन तास होते आणि मी दोन्ही तासांच्या नोंदी आधीच भरून ठेवल्या होत्या. पाण्याची पातळी, वाफेचा दाब, सगळं अंदाजानं. सगळेच हेल्पर करायचे. तुम्ही वही पाहिलीत, मला मानेला धरून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर उभं केलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "काच काय दाखवते ते लिव. तुला काय सोयीचं हाय ते नको. बॉयलर कुणाला फसवत नाय. माणूसच फसवतो, आणि मंग फुटतो तो बॉयलर." मी मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटलं तुम्हाला डोळ्यांचंही कळलं आहे. पण तुम्ही लगेच आवाज उतरवून म्हणालात, "काचेतली रेघ दिसत नसंल तर तसं सांग. मी वाचून सांगीन, तू लिव. त्यात लाज कसली?"

तुमचं असं होतं. मी खोटं बोलून मोकळा झालो, तुम्ही ते खरं धरून कामाला लागलात. एका रविवारी पेणला डोळे तपासायचं शिबिर होतं, तुमची आठवड्याची सुट्टी मोडून तुम्ही मला तिथे घेऊन गेलात. तुम्ही बाहेर बाकावर बसलात. आत डॉक्टरनं मला सगळ्या ओळी वाचायला लावल्या, अगदी शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा मी वाचली, आणि तो म्हणाला की नजर उत्तम आहे. बाहेर येऊन मी तुम्हाला सांगितलं, थेंब दिलेत, वर्षभर बघू म्हणाले. पुढच्या सोमवारी तुम्ही पिवळ्या काचांचा चष्मा घेऊन आलात. पेणच्या बाजारातल्या दुकानदारानं सांगितलं होतं की ट्रकवाले धुक्यात हाच लावतात. माझ्या नाकावर तुम्ही स्वतः तो बसवलात आणि गाडीचा दिवा लावून विचारलंत, "आता? गोल कमी झाला काय?" काका, त्या चष्म्यातून वडखळचा नाका इतका स्वच्छ दिसत होता की चहाच्या टपरीवरचा माणूस ग्लास विसळत होता ते मला दिसलं. मी म्हणालो, "नाय, काका. तसंच हाय." तुम्ही चष्मा घडी करून माझ्या खिशात ठेवलात. "र्‍हाऊ दे तुझ्याकडं. कधीतरी उपयोग होईल." आणि पाठ करून उभे राहिलात, चेन ओढण्यासाठी.

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्हाला खोकला झाला. तिसऱ्या हिवाळ्यात तो होळी झाली तरी गेला नाही. खिंडीचा चढ चढताना तुम्ही खोकायला लागलात की सगळी गाडी हलायची. मागे बसून माझ्या कपाळाला तुमच्या छातीतली घरघर लागायची. अक्षरशः लागायची, पेपर चुरगळल्यासारखी. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एका सकाळी मी म्हणालो, "काका, आज मी चालवू?" तुम्ही खोकत खोकत हसलात. "एकाला दिसत नाय, दुसऱ्याला दम नाय. त्यातल्या त्यात दिसणारा बरा." एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते गिळलं, कारण तोवर त्याच्या पाठीमागे शिबिर होतं, थेंब होते, तुम्ही आणलेला चष्मा होता. खोटं जुनं झालं की ते मोडायला नव्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

त्या वर्षीच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरनं तुम्हाला बॉयलरवरून काढलं. छाती नापास. तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं, खिळे आणि वॉशर मोजायला. बॉयलरची परीक्षा मी तोवर पास झालो होतो, तुम्हीच करवून घेतलेली, म्हणून तुमची जागा मला मिळाली. स्टोअरच्या खिडकीतून चिमणी दिसायची. धुराचा रंग जरा काळा झाला की तुम्ही कुणाकडून तरी निरोप धाडायचात, हवा वाढव म्हणून. तुमची वेळ बदलली, जोडी मोडली, मी रोह्यातच खोली घेतली. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं. "तुझ्या डोळ्यांसाठी चांगलं झालं," म्हणालात. दीड वर्षानं तुम्ही नोकरी सोडलीत आणि आणखी दोन पावसाळ्यांनंतर गेलात. डॉक्टर म्हणाले, कोळशाची धूळ आणि तरुणपणीच्या विड्या. असेलही. मी डॉक्टरशी वाद घालणार नाही. पण धुळीत आपण दोघंही होतो. तीन हिवाळ्यांतला माझ्या वाटणीचा निम्मा वारा तुम्ही घेतलात, आणि तो तुम्ही आजारी माणसावर दया म्हणून घेतलात. माझ्या हातून झालेलं पाप एवढं आहे, आणि ते कुठल्याच तपासणीत सापडणार नाही.

तेराव्यानंतर मी तुमच्या घराकडे फिरकलो नाही. गावी परत राहायला आलो, स्वतःची गाडी घेतली, सोळा वर्षं त्याच रस्त्यानं पहाटे एकटा चालवतोय, धुक्यात, वेगानं. पेणला कामासाठी गेलो तर तुमची आळी टाळून जायचो. या रविवारी मात्र ठरवूनच निघालो. आता मीही पन्नाशी ओलांडली, काकूही थकल्यात असं ऐकलं होतं, आणि एकदा तरी हे कुणाच्या तरी तोंडावर बोलावं असं वाटलं. सकाळी सात वाजता निघालो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. काकू ओट्यावर उन्हाची वाट बघत बसल्या होत्या, गोधडी पांघरून. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण ओळखल्यावर त्यांची नजर आधी गाडीवर गेली. "गाडीवर आलास? एवढ्या धुक्यात? तुला तर दिसत नाय ना रे धुक्यातलं?" मी गाडी स्टँडला लावली. त्या म्हणाल्या, "हे शेवटच्या आजारात दोनदा बोल्ले. त्या पोराला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडं न्यायला पायजे होतं, माझ्याकडनं राहिलं, म्हणले. लई जीवाला लावून घेतलं होतं तुझ्या डोळ्यांचं."

माझं वाक्य तयार होतं, काका. ओठावर होतं. आणि मी म्हणालो, "ऑपरेशन केलं, काकू. आता सगळं दिसतं."

"कधी?"

"झाली दोन-तीन वर्षं."

काकू भिंतीला धरून उठल्या. मी हात द्यायला गेलो तर नको म्हणाल्या. आत तुमच्या फोटोसमोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं, तुम्हाला कमी ऐकू येत असल्यासारखं, सांगितलं, "ऐकलंत काय? पोराचे डोळे बरे झाले. स्वतः गाडी चालवत आला. आता घोर लावून घेऊ नका." मग मला बसवून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी सगळं खाल्लं.

हे पत्र त्यासाठी लिहितोय. काकूंनी तुम्हाला सांगितलं ते खरं नाही, ऑपरेशन कसलंही झालेलं नाही. त्यांना पत्र पाठवलं तर शेजारच्या कुणाकडून तरी त्या वाचून घेतील, आणि मग त्यांना पुन्हा फोटोसमोर जाऊन उलटं सांगावं लागेल. ते मी त्यांच्यावर लादणार नाही. निदान स्वतःला असं सांगतोय. खरं कारण वेगळं आहे. काकू आत तुमच्याशी बोलत होत्या, तेव्हा मी दारात उभा होतो. मला रडू यायला हवं होतं. पण मला बरं वाटलं, काका. इतक्या वर्षांत प्रथमच बरं वाटलं, आणि ते परत द्यायची माझी तयारी नाही.