दाबलेलं अक्षर

बाबा, तुमची मुलगी मास्तरीण झाली. हसू नका. सातवीत शाळा सोडलेली, तीच. भोईवाड्यात मंडळाच्या खोलीत दुपारी बायकांना वेबसाइट बनवायला शिकवते. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुकानाचा बोर्डच, फक्त तो लोकांच्या मोबाइलमध्ये लागतो. दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी झाडू-पोछा करत होते, तिथल्या सरांनी काम आटपल्यावर मागच्या बाकावर बसू दिलं. कोड म्हणजे इंग्रजीत लिहिलेल्या सूचना, हे मोठं दाखव, हे लाल कर, इथे ओळ संपव. इंग्रजीची मला धास्ती नव्हती. ती अक्षरं मला वाचता येण्याआधी भरता येत होती. तुम्ही दुकानांचे बोर्ड खडूने आखायचात, मी ब्रशने रंग भरायचे.

लालबागच्या त्या हार्डवेअरवाल्याचा बोर्ड आठवतो? त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आज आखणं पण तुझं. मला कुठला धीर. मापं घ्यायचा कंटाळा, पहिली अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटी जागाच उरली नाही. उरलेली दोन अक्षरं कडेला चिमटून बसवली आणि रंगवूनही टाकली. तुम्ही मला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलंत. "वाच." शेवट मला वाचता येईना. मग रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिलात. "सगळा पूस गो. दाबलेला अक्षर माका नको." दुकानदार म्हणाला, "अहो, लहान आहे पोरगी, शेवटचं तेवढं तुम्ही नीट करा की." तुम्ही ऐकलं नाहीत. मी रडत पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखलं. किती राग आला होता तुमचा.

परवा वर्गात एक सून अशीच अडली. ती घावन आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचे डबे देते, त्याची वेबसाइट करत होती. सासूने बजावलेलं, काय शिकलीस ते उद्या दाखव, नाहीतर क्लास बंद. कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसत होतं. मोबाइलवर बघितलं तर डब्यांचे भाव पडद्याच्या बाहेर. मावेना म्हणून ही बाई अक्षरं बारीक करत गेली, पार मुंगीएवढी. मी तिचा मोबाइल हातभर लांब धरला.

"वाच."

"नाही दिसत, मॅडम."

"मग सासूला चष्म्यावर चष्मा लावायला सांगणारेस? पूस सगळं. आधी मोबाइलच्या मापाने आख, मग भर."

"सगळं? उद्या दाखवायचंय हो. तुम्हीच करून द्या ना, तुमचं तर दोन मिनिटांचं काम."

होतंच दोन मिनिटांचं. माझा हात माऊसकडे गेलासुद्धा. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, दुसरीच्या तव्यावरची चपातीही मीच उलटते. पण हाताची घडी घालून बसले. ती फुरंगटली, दोनदा चुकली, एकदा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिची सासू. बाकीच्या बायका घरी गेल्या, आम्ही दोघी बसून. शेवटी भाव आपल्या जागेवर आले, ठसठशीत. इतका वेळ तोंड बंद ठेवून मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

काल ती येईल की नाही, हे मी दाराकडे न बघता बघत होते. आली.

"काय म्हणाली सासू?"

"म्हणाल्या, तिथे फोन नंबर माझा टाक. तू फोनवर फार गोड बोलतेस, लोक भाव पाडून घेतील."

"मग कोणी टाकला नंबर?"

"मीच, मॅडम. त्यांच्यासमोर बसून." हे तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

बाबा, माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायला पत्ता नाही, पण कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तेवढ्यात एकीने विचारलं, "मॅडम, असं सगळं पुसायला लावायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"दादरच्या सरांनी. चला, कामाला लागा."

खोटं बोलले. तुमचा विषय निघाला की माझा आवाज जातो, आणि तो गेला तर या बायका माझं काय ऐकणार.