गेराटींचे घर, कुरण आणि फावडे

मी, बार्टली क्वर्क, वय वर्षे पासष्ट, राहणार कॅरिगीन, किलदूरा पॅरिश, मेयो काउंटी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयाचे काय ते सांगितले आहे. डोके शाबूत आहे. वडिलांच्या नावाची जागा रिकामी सोडली आहे, कारण ते नाव मला माहीत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील फर्गस डेव्हिट यांनी करावी.

कलम १. पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, घराण्यांच्या वंशावळी आणि जुन्या हकिगतींचे सर्व कागद शाळेच्या ऊना मोरनबाईंना द्यावेत. उभा जन्म लोकांच्या घरी चहा पीत मी ते जमवले. पणजोबांचे घर शोधत अमेरिकेतून कोणी आले, तर बाईंनी आधी त्यांना खाऊ घालावे, मग पडक्या भिंती दाखवाव्यात. एक बाई आली होती, तिला पूर्वज सरदार हवे होते. मी म्हणालो, "सरदार कसले हो? मेंढ्या चोरायचे. पण पारख चांगली होती." ती हसली, आणि त्या भिंतीला हात लावून रडली.

या कागदांत माझे पान शोधू नये. इथल्या कोणत्याही घराच्या सहा पिढ्या मी झोपेत सांगेन, पण माझे घराणे माझ्यापासून सुरू होते आणि माझ्यापाशीच संपते. आईचा पत्ता मिळावा म्हणून अनाथालयाला पत्रे लिहिली. नोंद सापडत नाही, असे उत्तर आले. त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

कलम २. चार वर्षांचा असताना मला त्या अनाथालयातून डिलिया गेराटी या विधवा बाईकडे सांभाळायला दिले. पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात एका म्हाताऱ्याने वाकून विचारले, "कोणाचा रे तू?" डिलियाने माझी टोपी सारखी केली आणि म्हणाली, "चहा कोणाकडे पितो ते विचारा. माझ्याकडे पितो."

तिचा पुतण्या मॅलकी शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा. आम्ही एकाच गाढवावर बसून जळण आणायला जायचो आणि खाली पडल्यावर एकमेकांना दोष द्यायचो. पुढे डिलियाने घर आणि कुरण माझ्या नावे केले. गेराटींची जमीन रक्ताबाहेर गेली. मॅलकीला ते लागले, कोणालाही लागले असते.

ते घर आणि कुरण मी मॅलकी गेराटीला देतो, बिनशर्त. पुढच्या कलमाचा याच्याशी काही संबंध नाही, हे वकीलसाहेबांनी त्याला दोनदा वाचून दाखवावे. एकदा सांगून तो ऐकत नाही.

कलम ३. फावडे. आमच्याकडे शवपेटीला पहिला खांदा मेलेल्याच्याच आडनावाचे चौघे देतात. कबर शेजारी खणतात, घरच्या माणसाने फावड्याला हात लावायचा नसतो. डिलिया गेली त्या संध्याकाळी मॅलकी दारात आला, हातात हेच फावडे.

"बार्टली, धर हे. खांद्याला आमचे चौघे आहेत."

"मॅलकी, अरे, मी घरातला आहे."

"घर मिळालंय तुला. घरातला कुठून झालास?"

मी फावडे घेतले. कबरीपाशी एक म्हातारा शेजारी म्हणाला, "पोरा, तू बाजूला उभा राहा. आम्ही बघतो." पण हातात घेतलेले खाली ठेववेना. दुसऱ्या दिवशी माझ्या आईला इतरांनी खांदा दिला. तिच्या हयातीत तिला आई म्हणायचे राहूनच गेले, म्हणून इथे लिहितो.

तेव्हापासून तेवीस वर्षे मॅलकी आणि मी कुंपणावरून पावसापाण्याचे तेवढे बोलतो. त्याची गाय अडली तेव्हा मी गेलो, माझे छप्पर उडाले तेव्हा तो आला. शेजारी म्हणून त्याने काही कमी केले नाही. मला शेजारी नको होता.

क्वर्क आडनावाचा दुसरा माणूस या पॅरिशमध्ये नाही. मला कोणीही उचलावे, नाहीतर चाकांच्या गाडीवरून न्यावे.

फावडे मॅलकीला द्यावे. मॅलकी, तुझा गुडघा गेला आहे, खांदा दे म्हणत नाही. मातीच्या आदल्या संध्याकाळी कबर खणायला निघालेले लोक तुझ्या दारावरून जातील. तू फावडे घेऊन त्यांच्यात गेलास तर शेजारधर्म पाळलास, माझा राग नाही. पण जमले तर त्या संध्याकाळी घरातच बस. हाक मारली तरी उठू नकोस. गावाला काय कळायचे ते कळेल. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

(सही) बार्टली क्वर्क

बार्टलीने हे आमच्या दोघांच्या समक्ष वाचून सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही केल्या. यातून आम्हाला काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
(सही) ब्रीज लाव्हेल, पोस्टमास्तरीण
(सही) मायल्स टूल, ट्रॅक्टर दुरुस्ती

कॅरिगीन, ९ नोव्हेंबर १९९१