पुढच्या खोलीचा हक्क

मी, शीला अमृतराव कानवटे, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार अहमदपूर, जि. लातूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात वजा करायला सांगितले. मी केले, आणि त्यांना अक्षर सुधारायला सांगितले.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा शिवशंकर याला. पाटल्या सूनबाईंना, मोडून नवीन काही घडवले तरी माझी हरकत नाही.

२. रस्त्याकडची पुढची खोली राजकन्या बालाजी सूर्यवंशी हिला हयातभर वापरण्यास द्यावी. ज्यांना लिहिणे जमत नाही, वजाबाकी येत नाही, अशाच मुलांना तिने तिथे रोज संध्याकाळी शिकवावे. हुशारांसाठी लातूरला गल्लोगल्ली क्लास आहेत.

राजकन्या माझी कोणी नातेवाईक नव्हे. १९९८ साली ती माझ्या चौथीच्या वर्गात होती. तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कच्ची लेकरं उद्या घरीच राहू द्या." आमच्या शाळेत तशी पद्धतच पडली होती. मी तिला येऊ नको म्हणून सांगितले. पुढे तीन दिवस ती आलीच नाही, तेव्हा घरी गेले. दारात भांडी घासत होती. मला पाहून म्हणाली, "बाई, सायब गेले का? आता येऊ का म्या?"

मला माझी लाज वाटली. अजून वाटते. मुख्याध्यापकांना बरीच वर्षे शिव्या दिल्या, पण बोलले ते आणि पोरीला सांगितले मी. त्याच संध्याकाळपासून तिला या खोलीत बसवले. मग तिच्यासारखी बाकीची आली. आज बसस्थानकामागे तिचे शिलाईचे दुकान आहे आणि गेली सहा वर्षे ती माझ्या जोडीला शिकवते.

३. मोजायच्या तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, दहा-दहाचे गठ्ठे, पाट्या आणि पत्र्याची पेटी राजकन्याला. बत्तिसातून पाच काढताना गठ्ठा मुलाने सोडावा, तिने सोडू नये. तिला घाई फार. लिहायला बसवताना मुलाला आधी तोंडाने सांगू द्यावे. पेटीत एक कागद आहे: "आमची म्हैस हरवली होती. घावली." हा एका पोराचा पहिला निबंध आहे, रद्दीत घालू नये.

४. पुढची खोली लातूरच्या एका क्लासवाल्याला द्यावी, असा शिवशंकरचा हट्ट होता. तो नांदेडला इंजिनिअर आहे, त्याला भाड्याची काय गरज, असे म्हणून मी त्याच्यावर चिडत होते. गेल्या रविवारी त्याला हा मसुदा वाचून दाखवला. त्याने कागद घेऊन दुसरे कलम स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "आई, मला सगळं येत होतं, म्हणून तू माझ्यापाशी कधी बसलीच न्हाईस. पुढून तुझा आवाज यायचा आन् मी मागं एकटाच अभ्यास करायचो. ती खोलीच नको वाटायची मला."

हे खरे आहे. मी रडले नाही असे लिहिणार होते, पण या कागदात खोटे चालत नाही. मी त्याला विचारले, "मग आता काय करू रे?"

"खोली दे तिला. पण तू हायस तोवर रविवार मला दे."

५. सबब, माझे उरलेले सगळे रविवार मी शिवशंकर यास देत आहे. त्या दिवशी पुढच्या खोलीला कुलूप राहील. वकील मुनीबसाहेब म्हणतात, मृत्युपत्राचा अंमल माणूस गेल्यावर होतो, हे कलम यात बसत नाही. मी म्हटले, तरी लिहा. या एका कलमाचा अंमल येत्या रविवारपासून.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, शुद्धलेखन तपासून, दोघांसमक्ष सही केली.

शीला अमृतराव कानवटे

साक्षीदार:
१. गौरम्मा राजशेखर बिरादार, शेजारीण
२. खाजामियाँ शेख, वह्या-पुस्तकांचे दुकानदार

स्थळ: अहमदपूर
दिनांक: १४ जुलै २०२५, सोमवार