न छापलेल्या कथेचा सत्कार

प्रिय मोठ्या बाई,

तुमी गेल्यावर वर्षभर मी तुमाले एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहून राहिली तेही माझ्याच गरजेपायी. रविवारी आपल्या मराठी मंडळाचं दिवाळी मिलन आहे आणि मले तिथं जायचं भेव वाटते. हे सांगावं असं घरात दुसरं कोणी नाही. जाऊ असून माझं सगळं ऐकून घेणाऱ्या तुमीच होत्या.

पावसाळ्यात मी नागपूरच्या एका दिवाळी अंकाले कथा पाठवली होती. कोणाची सांगू? तुमचीच. तुमी नवी नवरी म्हणून गोंदियाहून भिलाईले आल्या, संध्याकाळी पोलादाच्या प्लांटमधला तापलेला स्लॅग, ती लोखंडाची वितळलेली मळी, ओतला गेला आणि आभाळ लालभडक झालं. तुमाले वाटलं, गावाले आग लागली. हळदीच्या हातानं तुमी शेजारच्या क्वार्टरांची दारं ठोकत सुटल्या, "लेकरं काढा वो बाहेर!" सारा सेक्टर हासला. मोठे भाऊजी तर अजूनही पाहुण्यांना ही गोष्ट सांगून हसवतात.

एकदा गच्चीवर कुरोड्या घालता घालता मी विचारलं, तवा तुमी हासल्या नाही. म्हणाल्या, "अवं रेखा, हासतील नाही तं काय. पण त्या दिवशी मले खरंच वाटलं का आता सरलं सगळं. अन् मी एकटी पळाली नाही, हे कोणी सांगते का?" माझी कथा तिथून सुरू झाली. तुमी होत्या तोवर अर्धीच झाली, बाकीची तुमच्यामागं लिहिली.

श्रावणात संपादकांचा फोन आला, "ताई, कथा घेतो आहोत." मग काय विचारता! यांनी आपल्या कोहक्याच्या वस्तीत घरोघरी पेढे वाटले. मंडळानं तर गणपतीतच माझा सत्कार करून टाकला, शाल, नारळ, फोटो, सगळं. अंक निघायचा होता, कथा छापायची होती, पण आपल्या लोकांले दम कुठं? बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. मीही लाजत लाजत शाल घेतलीच ना.

आणि अंक आला. अनुक्रमणिकेत माझं नाव नव्हतं. मले वाटलं चुकून राहिलं असेल, म्हणून एकेक पान उलटलं. मग फोन केला. संपादक म्हणाले, "कोणती कथा होती तुमची?" मी सांगितलं. "हां हां. ऐन वेळी जाहिराती आल्या हो, पानं काढावी लागली. पुढच्या वर्षी पाहू." जाहिरातींचं मी समजून घेतलं. पण कोणती कथा म्हणजे काय, बाई? वाचली तरी होती का त्यांनी?

त्याच हप्त्यात मंडळाच्या सचिवांचा फोन. "वहिनी, रविवारी अंक घेऊन या, त्यातूनच वाचा." माझ्या तोंडून हो निघून गेलं. काल सुपेल्याच्या बाजारात मंडळातल्या बायका दिसल्या तर मी भाजी न घेताच परत आली. पोरगी म्हणते, "मम्मी, बोल दो ना, अंक मिला ही नहीं." हे म्हणतात, ताप आला म्हणून कळवू. दोघंही माझ्या भल्याचंच सांगून राहिले, पण मग पुढच्या महिन्यात काय सांगायचं? शाल घेतलेली बाई किती दिवस तापानं पडून राहील?

आणि लोकांच्या हासण्यापेक्षा मोठं भेव वेगळंच आहे. कथा चांगली आहे, असं आजवर फक्त तुमीच म्हटलं. वांगे चिरता चिरता ऐकायच्या आणि "चांगली झाली" म्हणायच्या. ते कथेले म्हणत होत्या का मले? एखादवेळी तरी "हे नाही जमलं" म्हणायचं होतं. रागावली असती दोन दिवस, पण आज माझ्याजवळ धरायले काही तरी राहिलं असतं. आता मी कोणाले विचारू?

तरी वचन देते. रविवारी मी जाईन. अंक नेणार नाही, माझे हातानं लिहिलेले कागद नेईन. उभी राहिल्यावर पयले हेच सांगीन, कथा छापली नाही, शाल परत पाहिजे असेल तर घ्या. कोणी उठून गेलं तर जाऊ दे.

आणि एक. मोठे भाऊजी काय म्हणतील, घरचे काय म्हणतील, या भेवानं कथेतल्या बाईचं नाव मी कमल करून टाकलं होतं. आज सकाळी बसून प्रत्येक पानावरचं कमल खोडलं अन् तुमचं नाव लिहिलं. रविवारी भाऊजी पुढंच बसतील. त्यांच्यासमोर मी विमल म्हणूनच वाचीन.

तुमची धाकटी जाऊ,
रेखा