बारा तोंडांची गाडी

१ ऑक्टो. ७४

गाडी आली. ट्रकवरून उतरवताना सगळी गल्ली गोळा. केशरी रंग, उंची माझ्या कमरेएवढी, पुढचे दिवे चक्क पाठीवर झोपलेले. इटलीची. मालक जहागीरदारसाहेब (रोज एवढं कोण लिहिणार, ज.साहेब पुरे), गुलबर्ग्याकडचे. यांच्या वडिलांची जुनी अमेरिकन मोटार मीच चालती ठेवली होती, म्हणून हा मान सोलापूरला. गाडी दोन वर्षं त्यांच्या कोठीत बंद. मुंबईच्या मेकॅनिकनं येऊन बघितलं, चहा प्याला आणि परत गेला.

ज.साहेब: "उस्ताद, दसरे के दिन इसमें बैठ के घर जाऊँगा. ट्रक पे नक्को."

मी म्हणालो, जाल. मागं अण्णा खाकरले.

२ ऑक्टो.

आज सुट्टी, गॅरेज बंद. म्हणून अण्णांनी विषय घरीच काढला. थोरले भाऊ, ऐकून घ्यावं लागतं. गॅरेज दोघांचं. डिझेलचं सगळं ते बघतात, म्हणजे ट्रॅक्टर, पाण्याची इंजिनं. पेट्रोलचं मी. गेल्या वर्षापासून पेट्रोल असं भडकलंय की लोकांनी मोटारींवर गोधड्या घालून ठेवल्यात. माझी छपराखालची जागा अर्धी रिकामी असते, हे खरं आहे. दसऱ्यानंतर डिझेल पंप तपासायचं मोठं मशीन येणार, ते त्यांना तिथंच बसवायचंय.

"असं करू शिवा," म्हणाले. "ही गाडी सोताच्या चाकांवर मालकाच्या घरी पोचली, तर जागा तुजी. मी परत नाव काडणार न्हाय. ट्रकवर गेली तर मशीन तितं बसणार, आन् तू माज्यासंगं डिझेलला यायचं."

मी लगेच हो म्हणालो. सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. नंतर म्हणाली, "जरा इचार केल्यावानी थांबून तरी हो म्हणायचं की."

कशाला थांबायचं?

४ ऑक्टो.

पुढचं झाकण उघडलं. आत रेडिएटर आणि जादा चाक. अण्णा दारातून: "इंजिन घरीच इसरलं वाटतं सायबाचं." हसू देत.

इंजिन मागं. ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून, आणि तेसुद्धा आडवं. बारा सिलिंडर. गिअरपेटी त्याच्याच पोटात, दोघांना तेल एकच. शेपटीचा सगळा पत्रा एका तुकड्यात मागं उलटतो आणि समोर हे. मी बराच वेळ नुसता उभा. एवढं वजन चाकांच्या मधोमध आणून ठेवलंय, की गाडी वळताना ना नाक जड ना शेपूट. ज्यानं कुणी हे आखलं त्याला रस्ता फार आवडत असणार. मला तो माणूस आवडला.

जेवताना सौ.ला समजावलं. "हिचा जीव पाठीत आहे, नाकात नाही." तिला नाकावरचा बैलाचा बिल्ला तेवढा लक्षात राहिलेला. "नंदी हाय म्हंजे आपलीच की."

७ ऑक्टो.

चार कार्बुरेटर, प्रत्येकाला तीन नळ्या. बारा सिलिंडरना बारा तोंडं, उभी, आभाळाकडे वासलेली. आत दोन वर्षांचं पेट्रोल सुकून डिंक झालेला, वास वार्निशचा. सगळं सुटं केलं, भिजवलं, वाऱ्यानं फुंकलं. पुढच्या रांगेचे प्लग सीटमागच्या भिंतीला चिकटून. हात जातो पण दिसत काही नाही. मग डोळे मिटूनच काम केलं, जास्त सोपं गेलं.

अण्णा दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा "पक्कड कुटं हाय" विचारायला. पक्कड त्यांच्या खिशातच होती.

११ ऑक्टो.

पेटली!!

आधी पाच-सहा सिलिंडर, खोकत. वरून पेट्रोल ठिबकत होतं, वाळूची बादली जवळ ठेवलेली. मग एकेक जागं होत गेलं. बारावं धरलं तेव्हा सगळा आवाज एकदम गुळगुळीत झाला. डोक्यामागं साखळ्यांची सळसळ, खाली घुमणं. शेजारचे यंत्रमाग क्षणभर ऐकूच येईनात. आनंदानं मला रडू आलं. लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

१४ ऑक्टो.

बाराही तोंडांनी सारखा श्वास घेतला पाहिजे. एकानं जास्त ओढला की दुसरा उपाशी. हे मोजायचं घड्याळ असतं म्हणे, माझ्याकडे नाही. रबरी नळीचं एक टोक कानात, एक तोंडाशी. प्रत्येकाचा फुस्स ऐकायचा, स्क्रू जरासा फिरवायचा, परत पहिल्याकडे. दिवसभर हेच.

अण्णा: "डाक्टर, पेशंट जगतोय का?"
मी: "जगतोय. जागा तयार ठेवा, पण माझ्यासाठी."

१७ ऑक्टो.

जोर दिला की खडखड. बिघाड नाही. ही भारी पेट्रोलवर वाढलेली, आपल्या पंपावरचं हलकं पडतं, वेळेआधीच भडकतं. ठिणगीची वेळ ठरवणारे दोन्ही डिस्ट्रिब्युटर किंचित मागं घेतले. खडखड गेली. थोडी ताकद गेली असेल, पण हिच्या ताकदीतली थोडी म्हणजे आमच्या जीपची सगळी.

१९ ऑक्टो.

वळसंगच्या रस्त्यावर नेली. पाण्याच्या काट्यावर नजर ठेवायला शेजारी कुणीतरी हवं होतं. अण्णा म्हणाले, "म्या न्हाय बसत असल्या डबीत." मग बसले.

शहर ओलांडेपर्यंत पहिला-दुसरा गिअर. ही कुरकुरते हळू चालवली की. सरळ रस्ता लागला, पुढं एकही बैलगाडी नाही, तेव्हा तिसऱ्यात पाय दाबला. कसं लिहू? मागून कुणी ढकलत नव्हतं, पुढचा रस्ताच आमच्याकडे ओढला जात होता. चौथा. काटा दीडशेच्या पुढं, आणि अजून पाचवा शिल्लक! स्टिअरिंग हातात जिवंत. तुरीची शेतं नुसती हिरवी रेघ. मी ओरडत होतो. अण्णांनी धोतराचा सोगा दोन्ही मुठींत धरला होता, पण नजर काट्यावरून हलवली नाही. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे.

पुढं म्हशी दिसल्या. ब्रेक. थांबली, सरळ, म्हशींच्या पुष्कळ आधी.

परत आल्यावर अण्णांनी सोगा सोडला. उतरल्यावर म्हणाले, "ब्रेक बरं हायती." एवढंच.

बाजी मारली मी.

खंडेनवमी

गाडी धुतली, पुसली. तोंडं झाकणारी, हवा गाळायची पेटी साफ करून ठेवलीय, बसवायची राहिली. अण्णांनी पूजेची घाई केली आणि सगळे पाने-पकडी पाटावर गेले, हळदकुंकू लागलं. आता उद्या संध्याकाळी अण्णा पूजा उतरवतील तोवर हत्याराला हात लावायचा नाही, वडिलांपासूनचा नियम. राहू दे, पेटी हातानंही बसते. सकाळी बघू.

सौ.नं एक हार नंदीला घातला. दुसरा मागच्या काळ्या जाळीवर, बरोबर इंजिनाच्या डोक्यावर. "तुमीच म्हनलासा की, जीव मागं हाय." आरतीच्या वेळी मला राहवेना, गाडी सुरू केली. बारा तोंडांचा सूर आणि टाळ एकत्र! जाळीवरचा झेंडू थरथरत होता, पाकळ्या आत ओढल्या जात होत्या. सगळे म्हणाले, गाडीनं प्रसाद घेतला. मीही हसलो.

दसरा

आत्ता कुठं लिहायला बसलो.

ज.साहेब सकाळीच हजर, नवी शेरवानी. निम्मी गल्ली जमलेली. सकाळी घाईत पेटी वरून बसवून टाकली होती, खाली वाकून बघितलं नाही. किल्ली फिरवली, एका हाकेत सुरू. पाय जरा दाबला, सोडला. आवाज खाली येईना. गाडी तशीच किंचाळत राहिली. बंद केली. परत सुरू, परत तेच. अशी गाडी रस्त्यावर सोडली तर पहिल्या वळणाला माणूस गेला.

ज.साहेबांचा चेहरा उतरला. "उस्ताद? ट्रक बुलाऊँ?"

पेटी काढली. हाराचा दोरा. पाकळ्या कधीच जळून गेल्या होत्या, पण दोरा आत ओढला जाऊन कार्बुरेटरांच्या जोडदांडीला गुंडाळला होता, अंबाड्यासारखा. झडपा मिटूच देत नव्हता. बोटांनी ओढला तर अजून आवळला. दांडी सोडवल्याशिवाय निघणार नाही. दांडीला दहा नंबरचा पाना लागतो.

दहा नंबरचा पाना पाटावर. कुंकू लावलेला.

सौ. दाराशी उभी, पदर तोंडाशी. तिला कळलं होतं. तिला म्हणणार काय? हार तिचा, पण काल हसलो मी. गाडी चालू मी केली. उघड्या तोंडांवर हार, आणि मला, मला, हे सुचू नये! स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

पाट अण्णांचा. हात लावायचा अधिकार त्यांचा, तोही संध्याकाळी. आणि अण्णांनी नुसतं उभं राहायचं होतं. ट्रक आला असता, गाडी वर चढली असती, जागा त्यांची. एक शब्दही बोलावा लागला नसता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं.

चपलांचा आवाज आला. अण्णा पाटाशी गेले, चपला काढल्या, बसले. अक्षता टाकल्या, हात जोडले. सकाळच्या उन्हात संध्याकाळची पूजा उतरवली. नारळ फोडला. मग सगळ्या हत्यारांतून दहा नंबर उचलला, धोतराला पुसला नाही, तसाच कुंकवासकट माझ्यापुढं धरला.

मी म्हणालो, "अण्णा, ती जागा..."

"साकु. पुरं," म्हणाले. "दांडी सोड आदी."

सोडली. दोरा निघाला. दांडी बसवली, सगळी तोंडं परत नळीनं ऐकली. नळीचं टोक अण्णांनी धरलं होतं. ज.साहेब बसले, आवाज वर गेला, खाली आला. लोण्यासारखा. आपट्याची पानं दिली-घेतली. झोपलेले दिवे उघडले गेले आणि गाडी गेली, स्वतःच्या चाकांवर, अक्कलकोट रस्त्यानं. दिसेनाशी झाल्यावरही ऐकू येत होती.

सौ. म्हणाली, "पुडच्या वरसाला हार नगो बाई."
मी म्हणालो, "घाल. पण नंदीलाच."

दसऱ्यानंतरचा रविवार

ज.साहेब पोचल्यावर ट्रंककॉल करणार होते, शेजारच्या सुताच्या दुकानात. अजून नाही. घरी जाऊन विसरले असतील. किंवा लाईन लागत नसेल. गाडी थांबली असेल असं मला वाटत नाही. ते इंजिन मी बसवलेलं आहे.

पण अट घरी पोचण्याची. सुटण्याची नव्हती.

अण्णांचं मशीन आलं. लाकडी खोक्यात, भलं मोठं. हमालांनी विचारलं कुठं ठेवू. मी माझ्या जागेतून बाजूला झालो. अण्णांनी अंगणातल्या लिंबाखाली ठेवायला लावलं, ताडपत्री टाकली. "पाऊस न्हाय, काय न्हाय. राऊ दे की." अजून खिळाही काढलेला नाही.

आज दुकानातला फोन तीनदा वाजला, आमचा एकही नाही. तिन्ही वेळा माझ्या आधी अण्णा उठले.