तिसऱ्या प्रकरणासाठी मुदतवाढ

प्रति,
मा. ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : दुःखावरील पुस्तक आणखी काही दिवस ठेवून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले शेवटचे स्मरणपत्र.

महोदय,

१. आरोग्य व मानसशास्त्र विभागातले, जवळचे माणूस गेल्यावर मन कसे सावरावे याबद्दलचे पुस्तक मी मुदत उलटूनही परत केलेले नाही, हे मान्य आहे.

२. अडचण अशी की, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी चौकटीत "रडू येईपर्यंत पान उलटू नका" अशी स्पष्ट सूचना छापलेली आहे. मला रडू आलेले नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आमच्या कामात तिसरी पायरी गाळून चौथी केली, तर लिफ्ट माणसांसकट खाली येते. सबब मी पान उलटलेले नाही.

३. प्रयत्नांत कसूर केलेली नाही. सूचनेनुसार पत्नीचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलो. एक बटण लोंबत होते, ते शिवून टाकले. आरशासमोर उभे राहून तिच्याशी बोलायचे होते. आरसा तिरपा लागल्याचे दिसले, तो सरळ केला. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आले, परंतु ते ग्राह्य धरावे किंवा कसे, याचा पुस्तकात खुलासा नाही.

४. पत्नी गेली तेव्हा दवाखान्याचे कागद, गाडी, पाहुण्यांच्या गाद्या, सगळे मीच पाहिले. लोक म्हणाले, खंबीर आहेत. मुलगी मात्र तिच्या मावशीला म्हणाली, "आई गेली आणि बाबांच्या डोळ्यांत टिपूस नाही. त्यांना काही वाटतच नाही." मी स्वयंपाकघरात होतो, मला ऐकू आले. त्यानंतर ती घरी आलेली नाही. फोनही उचलत नाही. मला वाटते हो, महोदय. पण ते दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखे आहे. एकदा रडलो की ताठ मानेने मुलीकडे जाईन, असे ठरवले आहे. म्हणून मुदतवाढ हवी आहे.

५. वरील मजकूर परवा लिहिला. आज अर्ज द्यायला आलो, तर देवघेवीच्या खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, "काका, आता तरी आणून द्या ना ते पुस्तक. एक मुलगी रोज येऊन विचारते. वाईट वाटतं हो." तेवढ्यात ती आलीच. ती माझी मुलगी होती. मी वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे सरकलो. पुस्तक आले का, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावरही थोडा वेळ तिथेच उभी राहिली. बारीक झाली आहे. आई गेली तेव्हा जी एवढी रडली, तिचे दुःख आटोपले असेल, अशी माझी समजूत होती. कागद वाया जाऊ नये म्हणून विनंतीतला बदल याच अर्जात करत आहे.

६. तरी मुदतवाढीची विनंती मी मागे घेतो. पुस्तक तिला द्यावे. तिला तिसऱ्या प्रकरणाशी थांबावे लागणार नाही. उद्या ती आली की, मी वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो आहे आणि समोरची खुर्ची रिकामी आहे, एवढे आपल्या कार्यालयामार्फत तिला कळवावे. मी स्वतः हाक मारली असती. आज मारून पाहिली, आवाज फुटला नाही.

आपला नम्र सभासद,
(सही)
दिनांक : आजचाच, सोमवार

सोबत : सदर पुस्तक, एक नग.