मोराचं बदक आणि डिंबदांचा खांदा

नाजिरा,
अघोणाची पाच तारीख

बाइदेव,

थोरल्या बहिणीला धाकट्या मुक्तिनाथची सेवा. वाकून पायांवर डोकं ठेवून करायला हवी, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या बसल्याच मानून घे. गुडघ्यांना मोहरीचं तेल चोळतेस ना? डोळ्यांचं काय झालं? इकडे सगळं ठीक आहे. भात कापून झाला, बदकं माजली आहेत (बदकाचा विषय पुढे येणारच आहे), आणि आमच्या हिचं म्हणणं असं, की डिंबदा गेल्यापासून मी सुतकी चेहरा करून कामं तेवढी टाळतो.

तुझं पत्र मिळालं. रविवारी शिवसागरला डिंबदांच्या घरी त्यांच्या वस्तूंची खोली उघडणार, तिथे काचेमागे तू त्यांच्या सत्कारासाठी मागावर विणलेला फुलांचा गामोसा असणार, आणि तो दाखवायला तू दोन्ही सुनांना आणि शेजारच्या चौघींना घेऊन तिनसुकियाहून येणार. वाचून मला दरदरून घाम फुटला, तोही अघोणाच्या थंडीत.

आपलं लहानपण त्या माणसाच्या आवाजावर गेलं. रेडिओवर डिंबेश्वर दिहिंगिया लागले, की तुझ्या मागाचा ठोका त्यांच्या तालावर पडायचा आणि मी पुस्तक मिटून ओसरीवर येऊन बसायचो. त्यांच्या आवाजाला जराशी खर होती, सर्दी झालेल्या काकांनी मायेने हाक मारावी तशी. याहून सुरेल गाणारे पुष्कळ आहेत, असं लोक म्हणायचे. असतील. पण मला ताप आला की डिंबदांचंच गाणं ऐकावंसं वाटायचं. गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडलो (गाय बघत होती, पण ती कुणाला सांगत नाही).

आता तेहतीस वर्षांपूर्वीचा बोहाग बिहूचा सण आठव. डिंबदा आपल्या नाजिऱ्यात गायला येणार होते. तू दोन महिने रोज मागावर बसून त्यांच्यासाठी गामोसा विणलास, लाल फुलं अशी की हात लावला तर गळून पडतील, आणि नेमक्या त्याच दिवशी कांजिण्यांनी अंथरूण धरलंस. सत्काराचं काम माझ्याकडे होतं. शिवाय दुपारभर मंडपाचे बांबू उभे करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. संध्याकाळी पंपाखाली तोंड धुतलं, माझा आंघोळीचा, अंग पुसायचा गामोसा खांद्यावर टाकला, तुझा गामोसा धूळ लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला आणि दोन्ही हातांत तामूल-पानाचं तबक घेऊन व्यासपीठावर चढलो. समोर साक्षात डिंबदा. नाव पुकारलं गेलं. मी तबक खाली ठेवलं, आणि बाइदेव, हात सवयीने खांद्याकडे गेला.

मी त्यांच्या गळ्यात माझा आंघोळीचा गामोसा घातला. ओला. त्यांनी मान वाकवली, माझ्याकडे पाहिलं, आणि माईकपासून तोंड वळवून हळूच म्हणाले, "ओला आहे रे. बरं झालं, फार उकडतंय." मग तीन तास तोच गळ्यात घालून गायले आणि तोच घेऊन गेले.

घरी आलो तर तू सुजलेल्या डोळ्यांनी विचारलंस, "आवडला का रे त्यांना?" मी म्हणालो, "कपाळाला लावला." तुझा चेहरा असा फुलला, की खरं सांगायची हिंमत पुन्हा कधी झालीच नाही. तुझा गामोसा तेहतीस वर्षं माझ्या पेटीच्या तळाशी आहे.

म्हणून काल मी तो पिशवीत घालून शिवसागरला गेलो. बेत असा, की नबौंच्या (डिंबदांच्या पत्नीच्या) हातापाया पडून हा गुपचूप काचेमागे ठेवून घ्यायचा. नबौंनी लाल चहा दिला, मग खोली दाखवली. दोन ट्रंका भरून फुलांचे गामोसे. म्हणाल्या, "इतक्या सुंदर कापडाला तोंड कसं पुसायचं, म्हणून यांनी कधी वापरले नाहीत. रोज रियाजाला खांद्यावर असायचा तो हा एकच." काचेमागे त्यांच्या हार्मोनियमवर एक विरलेला गामोसा होता. काठ डावीकडे उतरलेला. टोकाला एक बदक.

बाइदेव, तुझं बदक! तेराव्या वर्षी तू पहिल्यांदा मागावर बसून मोर विणायला गेलीस आणि झालं बदक, घरभर हसलो, आणि कुणाला देण्यासारखा नाही म्हणून बिहूचा आहेर म्हणून माझ्या गळ्यात मारलास, तोच. नबौ म्हणाल्या, "हे म्हणायचे, पोरीचा हात चुकलाय, तरी तिने शेवटपर्यंत विणलंय. हा खांद्यावर असला की माझा सूर चुकायची भीती जाते." मग त्यांनी विचारलं, हा कुणी विणला असेल हो? मी एवढंच म्हणालो, ती रविवारी येणार आहे, तीच सांगेल.

तेव्हा रागावायचं असेल तितकं रागाव, पण ये. सुनांनाही आण.

तुझा अपराधी,
मुक्तिनाथ

ता.क. – फुलांचा गामोसा नबौंनी डोळे भरून पाहिला आणि परत दिला. तो आता तुझाच. पेटीत कसर लागून दोन फुलं गेली आहेत, ते रविवारी समोरासमोर सांगणार होतो, पण आता एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

ता.क. दुसरा – हे सगळं पत्र खरं तर एका मागणीसाठी होतं. त्या बिहूनंतर मी बाजारचे गामोसे वापरतो, पाणी टिपत नाहीत. येत्या बोहागात मला एक विणून दे. डोळे अधू झालेत, काठ वाकडा जाईल, असं म्हणू नकोस. वाकडाच हवाय. आणि जमलं तर मोर विण.